दुपारी दीड वाजता : विलायतेतल्या टीव्हीचा एक दिवस



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब संपला आणि गप्पा 'दामिनी' मालिकेवर गेल्या. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना ती आठवते. एक काकू म्हणाल्या, "तेव्हापासून आम्ही दुपारची भांडी संध्याकाळी घासायला लागलो. सासूबाई चिडायच्या, पण खाटेवर बसून त्याही बघायच्याच." त्यावर एका नव्या सुनेनं विचारलं, "पण दुपारी बायकांसाठी टीव्ही लावायचा, हे काढलं कुणी?"

प्रश्न साधा होता, पण आमच्यापैकी कुणाला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही दोघी-तिघींनी वाचायला घेतलं. अमेरिकेत दुपारच्या मालिका फार आधीपासून होत्या. आधी रेडिओवर आणि मग टीव्हीवर साबणाच्या कंपन्या पैसे घालून त्या चालवायच्या, म्हणून तर त्यांना 'सोप' म्हणतात. पण आम्हाला गोडी लागली ती इंग्लंडच्या गोष्टीची. कारण तिथे टीव्ही दिवसाचे किती तास चालू ठेवायचा, हे बरीच वर्षं सरकार ठरवत होतं. दुपारी घरातली बाई काय करते आणि तिनं काय करावं, हा तिथे थेट सरकारी कारभाराचा विषय झाला होता. म्हणून आज आपण तिथला एकच दिवस घेऊया. सोमवार, १६ ऑक्टोबर १९७२.

त्या दिवसाकडे जाण्याआधी थोडं मागचं सांगायला हवं.

इंग्लंडमध्ये तेव्हा तीनच वाहिन्या होत्या. बीबीसीची पहिली, बीबीसीची दुसरी आणि जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही. आयटीव्ही १९५५ साली सुरू झाली. ती एक कंपनी नव्हती. लंडनला एक, यॉर्कशायरला एक, स्कॉटलंडला वेगळी, अशा भागाभागाच्या कंपन्या मिळून ती चालायची. बीबीसीवर जाहिराती नाहीत, ती चालायची लोकांच्या परवाना शुल्कावर. १९७२ साली काळ्या-पांढऱ्या संचाला वर्षाला ७ पौंड आणि रंगीत संचाला १२ पौंड शुल्क होतं. त्याच सुमाराला कारखान्यातल्या कामगार पुरुषाची सरासरी कमाई आठवड्याला ३५ पौंडांच्या आसपास आणि पूर्ण वेळ काम करणाऱ्या बाईची त्याच्या जवळपास निम्मी होती. समान कामाला समान वेतन असा कायदा तिथे १९७० साली मंजूर झाला, पण मालकांना तयारीला वेळ हवा म्हणून तो लागू झाला १९७५ च्या डिसेंबर अखेर. हे आम्ही मुद्दाम सांगतोय. टीव्हीसमोर बसलेल्या बाईच्या पर्सचा हिशोब कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

संच विकत घेणं बहुतेकांना परवडायचं नाही, म्हणून लोक तो भाड्यानं आणायचे. काही संचांना तर नाणं टाकायची पेटी असायची. नाणं टाकलं की टीव्ही सुरू, पैसे संपले की चित्र गायब. तरीही १९७२ पर्यंत तिथल्या १०० घरांपैकी ९० हून जास्त घरांत टीव्ही होता आणि टेलिफोन मात्र निम्म्याहून कमी घरांत. बहुतेक संच अजून काळे-पांढरेच होते.

आता तासांची गोष्ट. इंग्लंडमध्ये १९५७ सालापर्यंत रोज संध्याकाळी ६ ते ७ टीव्ही चक्क बंद ठेवायचे. का? तर त्या तासात आईनं लहान मुलांना झोपवावं म्हणून! मुलं जेवून अंथरुणात गेली की सात वाजता मोठ्यांचे कार्यक्रम सुरू. हा नियम सुटला तोही कुणाला आयांची दया आली म्हणून नव्हे. तासभर पडदा काळा राहिला तर जाहिरातींचे पैसे बुडतात, ही आयटीव्हीची तक्रार होती. त्यानंतरही एकूण तासांवर मर्यादा राहिलीच. शाळांचे कार्यक्रम, धार्मिक कार्यक्रम अशा काहींना सूट होती. बाकी दुपारचा बराच वेळ पडद्यावर फक्त एक चित्र आणि मागे संगीत.

ते चित्र मजेशीर होतं. एक लहान मुलगी फळ्यावर फुली-गोळा खेळते आहे आणि शेजारी कापडी विदूषकाची बाहुली. बीबीसीतल्या एका इंजिनिअरनं आपल्याच आठ वर्षांच्या मुलीचा फोटो त्यात वापरला होता. १९६७ पासून ते चित्र दाखवत होते. रंग बरोबर दिसतात का, रेघा सरळ आहेत का, हे दुकानदारांना आणि दुरुस्तीवाल्यांना तपासता यावं म्हणून. ती मुलगी पुढे मोठी झाली, पण पडद्यावर वर्षानुवर्षं आठ वर्षांचीच राहिली. इतके तास दुसरी कुठलीच व्यक्ती इंग्लंडच्या टीव्हीवर दिसली नसेल.

ही मर्यादा उठवली ती जानेवारी १९७२ मध्ये. टपाल आणि दूरसंचार खात्याचे मंत्री होते ख्रिस्तोफर चॅटवे. हे गृहस्थ तरुणपणी नावाजलेले धावपटू होते आणि १९५५ साली आयटीव्ही सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या बातम्या यांनीच वाचल्या होत्या. त्यांनी १९ जानेवारीला जाहीर केलं की आता किती तास दाखवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. गंमत बघा, नेमका तेव्हा तिथे कोळसा खाणीतल्या कामगारांचा मोठा संप चालू होता. फेब्रुवारीत आणीबाणी जाहीर झाली आणि पाळीपाळीनं वीज जायला लागली. आपल्याकडच्या भारनियमनासारखंच, कुठल्या भागात किती ते किती वीज नाही, याचं वेळापत्रक वर्तमानपत्रात यायचं. टीव्ही हवा तेवढा वेळ लावायची मोकळीक मिळाली, आणि लावायला वीजच नाही.

संप मिटला. आयटीव्हीच्या कंपन्या उन्हाळाभर तयारीला लागल्या. बीबीसीला तेवढी घाई नव्हती, कारण तास वाढले तरी परवान्याचे पैसे तेवढेच राहणार होते. आयटीव्हीचं उलटं. जितके तास जास्त, तितक्या जाहिराती जास्त. तासाला सरासरी सहा मिनिटं जाहिराती, एवढी मुभा होती. आणि दुपारी घरात कोण असतं? घरासाठी साबण, चहा, लोणी, बिस्किटं विकत आणणारी बाई.

हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. दुपारचा टीव्ही बायकांसाठी सुरू झाला हे खरं. पण तिची दुपार रिकामी आहे हे गृहीत कुणी धरलं? तिथली घरातली बाई त्या वेळी इस्त्री करत होती, मुलाला भरवत होती, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला औषध देत होती. कित्येकजणी सकाळी किंवा संध्याकाळी अर्धवेळ कामाला जायच्या, ऑफिस झाडायला, कारखान्यात पॅकिंगला. त्यांनी दुपारी टीव्ही लावला तो हातातलं काम न सोडता. बसून बघायला फक्त म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि रात्रपाळी करून आलेले.

तर १६ ऑक्टोबर. सोमवार उजाडला.

सकाळी उठल्या उठल्या टीव्ही लावायची पद्धत तिथे नव्हतीच. सकाळच्या न्याहारीच्या वेळेचे कार्यक्रम १९८३ साली आले. साडेनऊच्या सुमाराला शाळांसाठीचे कार्यक्रम सुरू व्हायचे. शिक्षक वर्गात संच ढकलत आणायचे आणि मुलं एकत्र बसून बघायची.

अकरा वाजता बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर 'प्ले स्कूल'. बालवाडीत न जाणाऱ्या मुलांसाठी. गाणी, चित्रं, अस्वलाची बाहुली, आणि गोल, चौकोनी, कमानीची अशा खिडक्या. आज कुठल्या खिडकीतून बाहेर बघायचं हे मुलांनी ओळखायचं. या कार्यक्रमाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६४ साली ही दुसरी वाहिनी मोठ्या थाटामाटात रात्री सुरू होणार होती. त्याच संध्याकाळी लंडनच्या वीजकेंद्रात आग लागली, अर्ध्या शहराची वीज गेली आणि उद्घाटनाचा सगळा कार्यक्रम बारगळला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे लागलेला मुलांचा 'प्ले स्कूल' हाच त्या वाहिनीचा पहिला कार्यक्रम ठरला.

दुपारच्या बाराच्या सुमाराला आयटीव्हीवर त्या दिवशी एक नवा कार्यक्रम आला, 'रेनबो'. तोही बारक्या मुलांचा. त्यात झिपी नावाचा एक बाहुला होता, तोंडाच्या जागी चेन असलेला. फार बडबड केली की दुसरे त्याची चेन ओढून तोंड बंद करायचे. असा एखादा आपल्याही प्रत्येक घरात हवा, नाही का? यानंतर दुपारच्या बातम्या. दुपारी जेवणाच्या वेळेला बातम्या आणि चर्चा, हीसुद्धा तेव्हा नवलाई होती.

एक वाजता बीबीसीवर 'पेबल मिल ॲट वन'. हा दोन आठवड्यांपूर्वी, २ ऑक्टोबरला सुरू झाला होता. बर्मिंगहॅम शहरात बीबीसीची नवी इमारत होती, तिच्या दर्शनी दालनातच कॅमेरे लावून गप्पा, गाणी, स्वयंपाक, बागकाम असं सगळं थेट दाखवायचे. मागच्या काचेतून रस्त्यावरची माणसं दिसायची. आणि मैत्रिणींनो, २ ऑक्टोबर १९७२ ही तारीख आपल्यालाही जवळची आहे. त्याच दिवशी मुंबईत वरळीला दूरदर्शन केंद्र सुरू झालं. संध्याकाळचे थोडे तास, काळं-पांढरं, आणि तेही मुंबईच्या आसपास.

त्या महिन्यात आपल्याकडच्या बायका काय करत होत्या, हे आपल्या आयांनी आणि सासूबाईंनी सांगितलेलं आहे. बाहत्तरचा दुष्काळ. दुष्काळी कामावर खडी फोडणं, पाझर तलावाची माती वाहणं, लाल मिलोची भाकरी, आणि कामावर मिळणारी सुकडी. इकडे उन्हात खडी आणि तिकडे सोफ्यावर टीव्ही, असं म्हणून आम्ही विषय सोडणार होतो. पण त्या दिवशी दीड वाजता जे लागलं, ते वाचलं आणि थांबलो.

दीड वाजता आयटीव्हीवर एका शेतकरी कुटुंबाची मालिका सुरू झाली. 'एमरडेल फार्म'. लेखक केव्हिन लॅफन, बनवणारी कंपनी यॉर्कशायर टेलिव्हिजन. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या डोंगराळ भागात, मेंढ्या आणि दगडी बांधांच्या प्रदेशात तिचं चित्रीकरण झालं. पहिलाच भाग सुरू होतो तो अंत्ययात्रेनं. घरचा कर्ता, जेकब सग्डन, वारलेला आहे. दारू पिणारा, शेतीकडे नीट न बघणारा माणूस. त्याची बायको ॲनी. शेत उभं ठेवलंय ते ॲनीनं आणि तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी. दोन मुलगे, एक मुलगी. धाकटा जो शेतात राबतो. मुलगी पेगी आणि जावई मॅट तिथेच राहतात, जावई मेंढ्या सांभाळतो. थोरला जॅक मात्र बापाशी न पटल्यानं कधीच घर सोडून गेलेला, लेखक झालेला.

आणि मृत्युपत्रात शेत कुणाच्या नावावर? जॅकच्या.

बायकोच्या नाही. राबणाऱ्या धाकट्याच्या नाही. घरात राहून सगळं बघणाऱ्या मुलीच्या तर नाहीच. जो निघून गेला, त्या थोरल्या मुलाच्या नावावर. पेगीचा संताप होतो, जो धुमसतो. आणि ॲनी? ती आलेल्या लोकांना चहा देते, पाव कापते, मुलांमध्ये समेट घडवायला बघते. पुढे शेताची कंपनी करून घरच्यांना त्यात हिस्से देण्यात आले, पण ते नंतर.

मैत्रिणींनो, हे आम्ही बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "सातबारा तिकडंही तसाच म्हणायचा." सात हजार किलोमीटरवरची गोरी ॲनी, तिच्या भाषेतलं एक अक्षर आपल्याला येत नाही, आणि तिच्या घरात काय चाललंय ते आपल्याला अर्ध्या वाक्यात कळलं. आपल्या राज्यात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांच्या बरोबरीचा हक्क कायद्यानं मिळाला तो १९९४ साली, देशभर २००५ साली. त्या आधी 'लक्ष्मीमुक्ती'त काही गावांतल्या पुरुषांनी बायकांच्या नावे जमीन केली होती. आपल्या गटातल्या किती जणींचं नाव उताऱ्यावर आहे, ते हात वर करून मोजलं. आकडा इथे सांगत नाही. ज्यांनी हात वर केला नाही, त्यांना घरी जाऊन तोंड द्यायचंय.

ही मालिका आधी तीनच महिने चालणार होती, आठवड्यातून दोनदा, २६ भाग. दुपारची, कमी खर्चाची, बायकांची मालिका म्हणून समीक्षकांनी तिच्याकडे फारसं बघितलंही नाही. ती पन्नास वर्षांहून जास्त काळ झाला, अजून चालू आहे. आता ती संध्याकाळी लागते आणि नावातलं 'फार्म' गळून गेलंय. शेती मागे पडली आणि भानगडी वाढल्या, तेही आपल्या ओळखीचंच.

दुपारी पुढे गप्पांचे कार्यक्रम. लंडनच्या थेम्स कंपनीवर मेव्हिस निकल्सन नावाच्या बाई मुलाखती घ्यायच्या. वेल्समधल्या कामगार वस्तीत वाढलेल्या, तीन मुलांना वाढवत घरी असलेल्या. टीव्हीवर आल्या त्या चाळिशी गाठल्यावर. त्यांची खासियत म्हणजे त्या ऐकायच्या. समोर नट असो की मंत्री, शेजारणीला विचारावं तसं विचारायच्या. दक्षिणेकडच्या सदर्न कंपनीचा 'हाऊस पार्टी' तर आपल्या बैठकीसारखाच. घरासारखी मांडलेली खोली, दाराची बेल वाजते, बायका येतात, कुणी शिवतंय, कुणी केक करतंय आणि गप्पा चालल्यात. सूत्रसंचालक म्हणून मधोमध कुणी बसलेलं नाही. पुरुष समीक्षक त्याची थट्टा करायचे. आम्हाला मात्र तो कार्यक्रम बघायला आवडला असता.

खरं तर बीबीसीत बायकांच्या कार्यक्रमांचा एक स्वतंत्र विभाग आधी होता. पन्नासच्या दशकात डोरीन स्टीव्हन्स नावाच्या बाई त्याच्या प्रमुख होत्या. साठच्या दशकात तो विभाग मुलांच्या विभागात मिसळून 'कुटुंब' असं नाव दिलं, आणि बायकांचं म्हणून जे वेगळं होतं ते विरून गेलं. कुटुंब म्हटलं की बाई त्यात आपोआप आली, असं समजायची सवय सगळीकडेच आहे.

संध्याकाळी पाचच्या आत मुलं शाळेतून घरी. सोमवारी आणि गुरुवारी 'ब्ल्यू पीटर'. रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे, चिकटपट्टी यांपासून वस्तू करून दाखवायचे, आणि दरवर्षी मुलांना मदतीचं आवाहन करायचे. पण पैसे मागायचे नाहीत. जुनी तिकिटं, लोकर, असलं टाकाऊ सामान गोळा करून पाठवायला सांगायचे, म्हणजे गरिबाच्या मुलालाही भाग घेता यावा. यामागे होत्या संपादक बिडी बॅक्स्टर. त्यांची गोष्ट अशी. लहानपणी त्यांनी एका प्रसिद्ध लेखिकेला पत्र लिहिलं, छान उत्तर आलं. खूश होऊन दुसरं पत्र लिहिलं, तर अक्षर न अक्षर तेच उत्तर. ते त्यांना लागलं. संपादक झाल्यावर त्यांनी पत्र पाठवणाऱ्या प्रत्येक मुलाचं कार्ड करून ठेवायला लावलं, म्हणजे दुसऱ्यांदा लिहिलं तर पहिलं काय लिहिलं होतं ते बघून उत्तर जावं. संगणक नव्हता, हजारोंनी पत्रं यायची. आपल्या केंद्रावर येणारी पत्रं आणि फोन आम्ही वहीत लिहितो, पण दुसऱ्यांदा बघतो का? बिडीबाईंचं वाचून आमची आम्हालाच लाज वाटली.

साडेसातला आयटीव्हीवर 'कोरोनेशन स्ट्रीट'. हा मात्र सगळ्या घराचा कार्यक्रम. तेव्हा सोमवारी आणि बुधवारी लागायचा, मालिका १९६० सालची. मँचेस्टरकडच्या एका कामगार गल्लीची गोष्ट. गल्लीवर राज्य बायकांचं. केसांना जाळी लावून सगळ्यांचे वाभाडे काढणारी म्हातारी एना शार्पल्स, पुरुषांच्या नादात पुन्हा पुन्हा फसूनही ताठ मानेची एल्सी टॅनर, दारूच्या गुत्त्याची मालकीण ॲनी वॉकर, आणि डोक्याला कर्लर लावून लोकांच्या लाद्या पुसणारी हिल्डा ऑग्डन. लाद्या पुसणारी बाई मालिकेत मुख्य पात्र असते, हे तेव्हा नवीन होतं.

हे कार्यक्रम संपले किंवा जाहिराती लागल्या की देशभर एकाच वेळी लाखो बायका उठायच्या आणि चहासाठी विजेची किटली लावायच्या. उठणाऱ्या बहुतेक बायकाच, हे वेगळं सांगायला नको. त्या दोन-तीन मिनिटांत विजेची मागणी एकदम उसळायची, आणि वीजकेंद्रातले लोक टीव्हीचं वेळापत्रक समोर ठेवून बसायचे.

रात्री नऊला बीबीसीच्या आणि दहाला आयटीव्हीच्या बातम्या. वाचणारे सगळे पुरुष. बीबीसीनं १९६० साली नॅन विंटन नावाच्या बाईंना टीव्हीच्या राष्ट्रीय बातम्यांवर बसवून बघितलं होतं. प्रेक्षकांना बाईच्या तोंडून गंभीर बातमी पटत नाही, असं सांगून थोड्याच महिन्यांत त्यांना बाजूला केलं. त्यानंतर रोजच्या बातम्यांना बाई आली ती १९७५ साली, अँजेला रिपन. म्हणजे १९७२ च्या त्या सोमवारी बाईला दुपारी केक करता येत होता, मुलाखत घेता येत होती, मालिकेत रडता येत होतं. रात्रीची बातमी मात्र सांगता येत नव्हती.

आणि त्या दिवसांतली मोठी बातमी आपल्या माणसांचीच होती. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं होतं. गुजराती व्यापारी, पंजाबी, आणि कंपाल्याला कारकुनी आणि शिवणकाम करणारे कितीतरी गोवेकरही त्यात होते. सप्टेंबरपासून लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर विमानं उतरत होती. एकूण २७-२८ हजार माणसं इंग्लंडमध्ये आली. टीव्हीच्या पडद्यावर दिसायच्या त्या थंडीत पातळ साडीत, कडेवर मूल घेऊन विमानाच्या शिडीवरून उतरणाऱ्या बायका. खाली तिथल्या महिला स्वयंसेवक संस्थेच्या बायका कोट आणि स्वेटर घेऊन उभ्या असायच्या. आणि त्याच सुमाराला लेस्टर शहराच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. त्यातले पुष्कळ तिथेच गेले, आणि आज लेस्टरच्या बाजारात मेथी आणि कढीपत्ता मिळतो.

इंग्लंडमध्ये आधीपासून असलेल्या आपल्या बायकांना टीव्हीवर आपलं काय मिळायचं? लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, पण टीव्हीवर मराठी नाहीच. १९६५ पासून बीबीसी रविवारी सकाळी हिंदुस्थानीत एक कार्यक्रम दाखवायची. आधीचं नाव 'अपना ही घर समझिये', मग 'नई जिंदगी नया जीवन'. त्यात मुलाखती, गाणी, आणि दुकानात, दवाखान्यात कामी येईल असं इंग्रजी. रविवारी सकाळी थोडा वेळ. बाकीच्या आठवड्यात विनोदी मालिकांमध्ये काळ्या आणि सावळ्या शेजाऱ्यांची थट्टा. १९७२ मध्येच सुरू झालेली 'लव्ह दाय नेबर' ही मालिका गोऱ्या-काळ्या शेजाऱ्यांच्या शिवीगाळीवरच चालायची आणि लोक पोट धरून हसायचे. ते सगळं बघत दुपारी भाजी निवडणाऱ्या एखाद्या देशी बाईला काय वाटत असेल? चार वर्षांनी, १९७६ मध्ये, लंडनच्या एका फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई यांनी संप पुकारला, आणि साडी-कोटातल्या कामगार बायका रोज रात्रीच्या बातम्यांत दिसायला लागल्या. त्यांच्यावर हसता येईना.

मध्यरात्रीच्या आसपास टीव्ही बंद व्हायचा. बीबीसीवर राष्ट्रगीत लागायचं. मग निवेदक शुभ रात्री म्हणून आठवण करायचा, संच बंद करा आणि प्लग काढून ठेवा, कारण आगीची भीती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७३ मध्ये, कोळसा आणि तेल दोन्ही अडलं आणि सरकारनं पुन्हा हुकूम काढला, साडेदहाला टीव्ही बंद. फेब्रुवारीत निवडणूक लागली तेव्हा तो उठला. पुढाऱ्यांची भाषणं दाखवायची होती ना.

आपल्याकडे दूरदर्शनवर दुपारचे कार्यक्रम यायला १९८९ उजाडलं. मग 'शांती', 'स्वाभिमान', आणि आपली 'दामिनी'. काकूंच्या भांड्यांची वेळ बदलली ती तेव्हा.

आता तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या गावात पहिला टीव्ही कुणाच्या घरी आला, तो बघायला बायकांना आत बसू दिलं की दारातच उभं केलं, पहिल्यांदा काय बघितलं, हे आम्हाला सांगा. पत्र लिहा, फोन करा, नाहीतर बाजाराच्या दिवशी केंद्रावर या. यावेळी आम्ही कार्डं करून ठेवणार आहोत.